पंचवीस टॉवेलांची ऑर्डर खरी केवढ्याला पडते? कामांवरून खर्च काढायला शिकताना

शेडमध्ये सोळा-अठरा माग एकदम खडखडत असतात. त्यातला एक गप्प झाला की सवयीच्या माणसाला पाठमोरं असूनही कळतं. असा एक माग गप्प झालेला मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात तीन तास उभं राहून पाहिला. फिटर अण्णांनी जॅकवर्डवरची, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रावरची, जुन्या डिझाइनची कार्डं उतरवली, नव्या नावाची चढवली. नव्या बीमचे (ताण्याच्या रुळाचे) रंगीत धागे जुन्या धाग्यांना सांधले. माग चालू केला, वीतभर कापड विणलं, थांबवला. नावातला एक काना तुटक येत होता. पुन्हा वर चढून कार्ड पाहिलं, पुन्हा वीतभर. मदतनीस पोरगा खाली बसून धागे हातात देत होता. हे सगळं कशासाठी, तर एका सत्कार समारंभात वाटायच्या २५ टॉवेलांसाठी.

संध्याकाळी ऑफिसात त्याच टॉवेलांचं बिल झालं ते किलोवर. जो दर शंभर किलोला, तोच दहा किलोला. ते तीन तास बिलात कुठेच नव्हते. ते भलत्याच मालाच्या अंगावर पडले होते आणि कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

कार्याधारित परिव्यय, म्हणजे ॲक्टिव्हिटी बेस्ड कॉस्टिंग, ही पद्धत त्या तीन तासांचा माग काढते. बी.कॉम.ला हा धडा बहुतेकांनी वाचलेला असतो आणि परीक्षेनंतर सोडून दिलेला असतो. मी सोलापुरात पूर्व भागातल्या आणि एमआयडीसीतल्या कारखान्यांचे हिशेब पाहतो. हिशेबाच्या कामात नव्याने आलेल्यांसाठी आणि वडिलांचा कारखाना हातात घेतलेल्या पोरांसाठी हे लिहितो आहे. सोबत वही घेऊन बसा, आकडे आपल्या हाताने मांडून पाहा. नुसतं वाचून हे अंगात मुरत नाही.

आधी दुखणं समजून घेऊ

मालावर दोन तऱ्हेचे खर्च पडतात. सूत, रंग-रसायनं, विणकराची नगावरची मजुरी यांचं नातं मालाशी सरळ असतं. या टॉवेलला इतकं सूत लागलं, विषय संपला. याला प्रत्यक्ष खर्च म्हणायचं. दुसरा वरखर्च: फिटरचा पगार, मागाची वीज आणि झीज, ऑफिसातला माणूस, फोन, तपासणी, पॅकिंग. हा कोणत्या टॉवेलचा, ते बिलावर लिहून येत नाही. तो वाटावा लागतो आणि घोळ या वाटणीतच होतो.

आपल्याकडची रूढ रीत सरसकट वाटणीची. महिन्याचा सगळा वरखर्च घ्यायचा, महिन्याच्या किलोंनी भागायचा, आला तो आकडा प्रत्येक किलोवर चढवायचा. पुस्तकात किलोऐवजी मजुरीचे तास किंवा यंत्राचे तास असतात, पण जात एकच. कारखान्यात एकच साधा टॉवेल निघत असेल, तर ही रीत पुरते. त्यात खोट काढण्यासारखं काही नाही. पण एकाच छताखाली हॉटेलचा पांढरा टॉवेलही निघतो, जॅकवर्ड चादरही निघते आणि नाव विणलेले २५ टॉवेलही निघतात, तिथे किलोची वाटणी खोटं बोलायला लागते. मोठी, सोपी ऑर्डर स्वतः न केलेल्या खर्चाचं ओझं वाहते आणि लहान, किचकट ऑर्डर फुकटात सुटते.

हे दुखणं आपल्यापुरतं नाही. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या कारखान्यांत यंत्रं वाढली, मजुरीचा वाटा घटला आणि वरखर्च फुगला. वाटणी मात्र जुन्या पद्धतीने मजुरीवरच चालू होती. जॉन डिअर या ट्रॅक्टर कंपनीच्या सुटे भाग बनवणाऱ्या विभागाला तेव्हा असा अनुभव आला की, मोठ्या संख्येच्या भागांसाठी त्यांचे दर महाग ठरत आणि थोड्या संख्येच्या भागांची कामं मात्र पटापट मिळत. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या रॉबिन कूपर आणि रॉबर्ट कॅप्लन यांनी अशा कारखान्यांचा अभ्यास केला आणि १९८८च्या सुमारास या पद्धतीची मांडणी लोकांसमोर ठेवली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: माल थेट पैसा खात नाही. माल कामं करवून घेतो आणि ती कामं पैसा खातात. म्हणून आधी कामाचा खर्च काढा, मग कोणत्या मालाने किती कामं करवून घेतली ते मोजा.

चार शब्द, एकाच माणसावरून

फिटर अण्णांचा पगार हे साधन. ज्यावर पैसा जातो ते साधन: माणूस, यंत्र, वीज, जागा. अण्णा डिझाइन बदलतात, ते काम, म्हणजे ॲक्टिव्हिटी. डिझाइन बदलण्यावर अण्णांचा पगार, मदतनिसांचा पगार, सांधणीची मजुरी, वाया गेलेलं सूत असा जो सगळा पैसा जमतो, तो एका पेटीत टाकला की झाला कॉस्ट पूल. आणि ही पेटी कशाने भरते? डिझाइन किती वेळा बदललं त्याने. ती संख्या म्हणजे कॉस्ट ड्रायव्हर, खर्च हाकणारं कारण.

पैसा साधनातून कामात येतो आणि कामातून मालावर जातो. पद्धत एवढीच आहे. बाकी सगळी मेहनत माहिती गोळा करण्याची.

पायरी १: खतावणीतून वरखर्च बाजूला काढा

एक महिना निवडा. जानेवारी नको. सोलापुरात तेव्हा सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते, कामगार सुट्टीवर असतात, आकडे वेडेवाकडे येतात. दिवाळीचा महिनाही नको. चारचौघांसारखा महिना घ्या.

समजा, त्या महिन्याचा वरखर्च ६,९०,००० रुपये आहे. (इथून पुढचे आकडे शिकण्यासाठी मी बेतलेले आहेत, म्हणजे भागाकार नीट जातो.) त्यातले ९०,००० रुपये जागेचं भाडं, विमा, घरपट्टी, वर्षअखेरच्या हिशेबाची फी यांचे. हे कोणत्याच मालामुळे वाढत किंवा घटत नाहीत, कारखाना उघडा आहे म्हणून लागतात. ते तूर्त बाजूला ठेवा. उरले ६,००,०००.

माल तीन प्रकारचा. हॉटेलचा साधा टॉवेल ६,००० किलो, जॅकवर्ड चादर ३,००० किलो, नाव विणलेले टॉवेल १,००० किलो. एकूण १०,००० किलो, म्हणजे सरसकट वाटणीत किलोमागे ६० रुपये. हा ६० लक्षात ठेवा.

पायरी २: कामांची यादी शेडमध्ये उभं राहून करा

ऑफिसात बसून केलेली यादी पुस्तकी होते. पहिल्यांदा मी केली तेव्हा ३७ कामं लिहिली होती. ‘सूत गोदामातून आणणे’, ‘सुताची नोंद करणे’, ‘सूत मागाजवळ ठेवणे’ ही तीन वेगवेगळी. दोन महिने मी त्यांच्या नोंदी करायला लावल्या, कारकून कंटाळला, नोंदी अंदाजाने भरू लागला आणि सगळं वाया गेलं. चूक माझी होती. लहान कारखान्याला पाच ते आठ कामं पुष्कळ झाली. ज्या कामावर पैसाच फारसा जात नाही, ते शेजारच्या कामात मिसळा. पण मिसळताना दोन्ही कामं एकाच कारणाने वाढतात ना, एवढं बघा.

अण्णांना, जॉबरला (मागांवर देखरेख करणाऱ्याला), पॅकिंगच्या बायकांना एकच प्रश्न विचारा: “तुमचा दिवस कशात जातो?” आणि मग दुसरा: “कोणत्या ऑर्डरला जास्त राबावं लागतं?” दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकताना मान वर करून बघा. ज्याने ती ऑर्डर हाताळली त्याला ते नेमकं ठाऊक असतं. त्याला आजवर कोणी विचारलेलं नसतं.

आपल्या उदाहरणात पाच कामं धरू: माग चालवणं, डिझाइन बदलणं, रंगाईचा लॉट (एका वेळी रंगवायचा माल) लावणं, ऑर्डर सांभाळणं, तपासणी-पॅकिंग.

पायरी ३: पैसे कामांच्या पेट्यांत टाका

काही पैसे सरळ जातात. मागाच्या मीटरची वीज ‘माग चालवणं’ या पेटीत. काही पैसे फोडावे लागतात. ऑफिसात दोन माणसं, पगार मिळून ६०,०००. त्यांचा तीन-चतुर्थांश वेळ ऑर्डरींमध्ये जातो: फोन, नमुना पाठवणं, नावाचं शुद्धलेखन गिऱ्हाइकाकडून पक्कं करून घेणं, बिल, ई-वे बिल, उधारीचा तगादा. एक-चतुर्थांश वेळ पॅकिंगच्या याद्यांत. म्हणजे ४५,००० ऑर्डरच्या पेटीत, १५,००० पॅकिंगच्या.

हा तीन-चतुर्थांश कुठून आला? विचारून आणि आठवडाभर पाहून. घड्याळ घेऊन माणसाच्या मागे उभं राहू नका. त्याला वाटेल नोकरीवर गदा आली आणि मग तो सांगेल ते काही खरं नसेल. आधी कशासाठी विचारताय ते सांगा.

डिझाइन बदलण्याची पेटी अशी भरली: दोन फिटरांचा पगार ४८,०००, मदतनीस ३६,०००, सांधणीची मजुरी २४,०००, चाचणीत वाया गेलेलं सूत १२,०००. एकूण १,२०,०००.

पाचही पेट्या मिळून: माग २,८८,०००, डिझाइन बदल १,२०,०००, रंगाईचे लॉट ७२,०००, ऑर्डर ८०,०००, पॅकिंग ४०,०००. बेरीज ६,००,००० आली पाहिजे. नाही आली, तर पुढे जाऊ नका.

पायरी ४: प्रत्येक पेटीचं खरं कारण शोधा

नवा माणूस अडखळतो तो इथेच, म्हणून थोडं थांबू. कारण निवडताना स्वतःला विचारा: ही संख्या दुप्पट झाली तर या पेटीतला खर्च वाढेल का?

डिझाइन बदलण्याची पेटी किलोंवर चालते का? महिन्याला एकच डिझाइन ठेवून किलो दुप्पट केले, तर अण्णांचं काम वाढणार नाही. किलो तेवढेच ठेवून डिझाइनं दुप्पट केली, तर अण्णा रात्रपाळीला थांबतील. म्हणजे कारण किलो नव्हे, बदलांची संख्या. रंगाईतही तसंच. भांडं धुणं, पाणी तापवणं, छटा जुळवणं, हे लॉट ४० किलोचा असो वा ८०चा, सारखंच. रंग-रसायनं किलोवर जातात, पण ती प्रत्यक्ष खर्चात आधीच धरली आहेत. ती इथे पुन्हा धरू नका, ही चूक सर्रास होते.

दुसरी कसोटी व्यवहाराची: ती संख्या तुमच्याकडे लिहिलेली आहे का, की नव्याने लिहायला लागेल? ऑर्डरींची संख्या बिलबुकात मिळते. लॉटची संख्या रंगाईवाल्याच्या वहीत असते. डिझाइन बदल मात्र बहुतेक ठिकाणी कोणी लिहीत नाही. त्यासाठी जॉबरच्या टेबलाजवळ एक वही दोरीने टांगा. चार रकाने: तारीख, माग, कोणती ऑर्डर, किती वेळ थांबला. पेनही दोरीनेच बांधा, नाहीतर दोन दिवसांत गायब होतं.

पायरी ५: दर काढा

पेटीतली रक्कम भागिले कारणाची संख्या. महिन्यात माग ४,८०० तास चालले, म्हणजे तासाला ६० रुपये. डिझाइन ६० वेळा बदललं, म्हणजे बदलामागे २,०००. लॉट ४८, म्हणजे लॉटमागे १,५००. ऑर्डरी ८०, ऑर्डरमागे १,०००. गठ्ठे २००, गठ्ठ्यामागे २०० रुपये.

हे पाच दर एका कागदावर लिहून मालकांच्या काचेखाली ठेवा. पुढचं काही केलं नाही तरी एवढ्याने बोलणं बदलतं. “जरा तो रंग बदलून द्या” असा फोन आला की, समोर १,५०० लिहिलेले दिसतात.

पायरी ६: मालावर चढवा

| काम | साधा टॉवेल | जॅकवर्ड चादर | नावाचे टॉवेल |
|---|---|---|---|
| माग-तास (६० रु.) | २,७०० तास: १,६२,००० | १,५०० तास: ९०,००० | ६०० तास: ३६,००० |
| डिझाइन बदल (२,००० रु.) | ६: १२,००० | १४: २८,००० | ४०: ८०,००० |
| रंगाईचे लॉट (१,५०० रु.) | ८: १२,००० | २०: ३०,००० | २०: ३०,००० |
| ऑर्डरी (१,००० रु.) | ५: ५,००० | १५: १५,००० | ६०: ६०,००० |
| गठ्ठे (२०० रु.) | ८०: १६,००० | ६०: १२,००० | ६०: १२,००० |
| एकूण वरखर्च | २,०७,००० | १,७५,००० | २,१८,००० |
| किलोमागे | ३४.५० | ५८.३३ | २१८ |

(साध्या टॉवेलचे लॉट म्हणजे ब्लीचिंगचे.)

तो ६० आठवा. चादर ६०च्या जवळपासच राहिली. साध्या टॉवेलचा खरा वरखर्च साडेचौतीस निघाला. नावाच्या टॉवेलचा २१८.

आता यात प्रत्यक्ष खर्च आणि विक्रीचा दर घाला. साधा टॉवेल: प्रत्यक्ष खर्च २४०, विक्री ३००. जुन्या हिशेबात २४० आणि ६० मिळून ३००, नफा शून्य. मालक म्हणत असतात, “हॉटेलवाल्यांत काही सुटत नाही, नुसता माग चालू राहतो.” नव्या हिशेबात खर्च २७४.५०, किलोमागे साडेपंचवीस सुटतात. चादर: प्रत्यक्ष २६०, विक्री ३४५. जुना नफा २५, नवा २६.६७. नावाचे टॉवेल: प्रत्यक्ष २८०, विक्री ४२०. जुन्या हिशेबात किलोमागे ८० रुपये नफा, सगळ्यांत लाडका माल! नव्या हिशेबात खर्च ४९८, किलोमागे ७८ तोटा.

एकूण नफा दोन्ही हिशेबांत १,५५,००० च येतो, करून पाहा. त्यातून बाजूला ठेवलेले ९०,००० वजा केले की हाती राहतात ६५,०००. पद्धत बदलल्याने गल्ल्यात एक रुपया वाढत नाही. पैसा कुठून येतो आणि कुठे जातो, ते दिसायला लागतं.

मी पाहिलेल्या एका कारखान्यात दोन वर्षं लहान ऑर्डरींच्या मागे धाव घेतली होती. दर चांगला मिळतो म्हणून हॉटेलची दोन गिऱ्हाइकं सोडून दिली होती. विक्री वाढली, माणसं सकाळी आठ ते रात्री दहा राबत होती आणि वर्षअखेर बँकेच्या हप्त्याला पैसे नव्हते. त्या मालकांसारखी मेहनत करणारी माणसं मी थोडी पाहिली. त्यांना चुकीचा आकडा दाखवला गेला होता. हिशेब सांभाळणाऱ्यांवर त्याची जबाबदारी येते, असं मला मनापासून वाटतं.

खर्चाच्या पातळ्या

वरच्या पाच कामांकडे पुन्हा पाहा, ती एका जातीची नाहीत. माग-तास प्रत्येक नगाबरोबर वाढतात, ही नगाची पातळी. डिझाइन बदल आणि रंगाईचा लॉट नगावर नाही तर खेपेवर अवलंबून, ही खेपेची पातळी, बॅचची. पुस्तकात तिसरी पातळी येते मालाची: नवं डिझाइन काढणं, त्याची कार्डं पंच करणं. हा खर्च एकदा झाला की त्या डिझाइनचे शंभर विणा वा दहा हजार. चौथी पातळी पूर्ण कारखान्याची, म्हणजे आपण बाजूला ठेवलेले ९०,०००.

परीक्षेत हे चार प्रकार लिहून गुण मिळतात. व्यवहारात त्यांचा उपयोग असा की खेपेच्या पातळीचा खर्च महिन्याच्या एकूण किलोंनी कधीही भागू नका. त्याला त्या ऑर्डरच्या नगांनीच भागा. आणि चौथ्या पातळीचा खर्च मालावर वाटायची घाई करू नका. सगळ्या मालाने मिळून तो भरून काढायचा असतो.

आकडा हातात आला म्हणून लगेच कोयता चालवू नका

नावाचे टॉवेल तोट्यात आहेत, मग उद्यापासून बंद? बंद केले तर २,१८,००० वाचणार नाहीत. फिटर अण्णा पगारावर आहेत, त्यांचा पगार चालूच राहील. ऑफिसातला माणूसही तसाच. लगेच वाचेल ती वीज, सांधणीची मजुरी, वाया जाणारं सूत. बाकी पैसा तेव्हाच वाचेल, जेव्हा मोकळा झालेला वेळ दुसऱ्या कमाईच्या कामाला लागेल किंवा पुढे जादा माणूस घ्यावा लागणार नाही. हा हिशेब वर्ष-दोन वर्षांच्या निर्णयाचा आहे. उद्याची एक ऑर्डर घ्यायची की नाही, यासाठी त्या ऑर्डरने खरोखर नव्याने किती पैसा बाहेर जाईल, ते वेगळं पाहावं लागतं.

शिवाय बंद करण्याआधी सुधारता येतं का बघा. एका रंगाच्या लहान ऑर्डरी आठवडाभर जमवून एकाच लॉटमध्ये घेता येतात. नाव फक्त काठात असेल, तर बीम तोच ठेवून कार्डंच बदलता येतात. हे मार्ग अण्णांनीच सुचवले होते. दर समोर दिसल्यावर त्यांना बोलायला जागा मिळाली.

दुसरा धोका मंदीतला. माग-तासाच्या ६० रुपयांत समजा २० विजेचे आणि ४० स्थिर आहेत: मागाची झीज, कर्जाचं व्याज, जॉबरचा पगार. ते ४० म्हणजे महिन्याचे १,९२,०००. मंदीत माग ३,२०० तासच चालले, तर तेच १,९२,००० कमी तासांवर पडून स्थिर खर्च तासाला ६० होतो आणि एकूण दर ८०. आता तुम्ही दर वाढवलात, तर गिऱ्हाईक आणखी कमी होईल, तास आणखी घटतील, दर आणखी चढेल. म्हणून मागाचा दर नेहमीच्या क्षमतेवर काढा आणि रिकाम्या तासांचा खर्च वेगळ्या ओळीत लिहा. तो गिऱ्हाइकाच्या माथी मारायचा नाही. मालकांनी तो पाहायचा आणि माग भरायची सोय करायची.

वेळेवरून काढायची सोपी वाट

दर महिन्याला पेट्या फोडणं जड जातं, या तक्रारीवर कॅप्लन यांनीच स्टीव्हन अँडरसन यांच्यासह २००४ मध्ये वेळेवर चालणारी पद्धत मांडली. त्यात दोनच गोष्टी लागतात: एका मिनिटाची किंमत आणि एका कामाला लागणारी मिनिटं. ऑफिसातल्या दोघांचे ६०,००० रुपये आणि महिन्यात प्रत्यक्ष कामाची मिनिटं समजा २०,०००, तर मिनिट ३ रुपयांना. साध्या हॉटेलच्या ऑर्डरला २० मिनिटं, नावाच्या ऑर्डरला नमुना आणि दुरुस्ती धरून २०० मिनिटं लागत असतील, तर एकीला ६० रुपये, दुसरीला ६००. सगळ्या ऑर्डरींना सारखे १,००० लावण्यापेक्षा हे खऱ्याच्या जवळ जातं. आमच्याकडचे कारखाने लहान आहेत, त्यांना मी सहसा पेट्यांनीच सुरुवात करायला सांगतो आणि ऑफिस व रंगाई यांच्यापुरती वेळेची पद्धत नंतर घालतो.

टॉवेल सोडून दुसरा धंदा असेल तरी वाट हीच. शेंगाचटणीच्या कारखान्यात १०० ग्रॅमच्या पुड्या आणि ५ किलोचे डबे यांचं सील, लेबल, खोकी मोजा, कुटण्याचे किलो नव्हे. शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्यांनी मापं किती आणि कापड किती वेळा नव्याने अंथरलं ते मोजावं.

दर सांगायची चिठ्ठी

शेवटी हे सगळं काउंटरवर यायला हवं, नाहीतर फाइलीत पडून राहतं. आपल्या आकड्यांवरून नावाच्या टॉवेलची चिठ्ठी बनवू. टॉवेल ४०० ग्रॅमचा. प्रत्यक्ष खर्च किलोला २८०, म्हणजे नगाला ११२ रुपये. माग किलोला ३६, म्हणजे १४.४०. पॅकिंग किलोला १२, म्हणजे ४.८०. नगाबरोबर वाढणारा खर्च १३१.२०.

नवं नाव आणि वेगळा रंग असेल, तर ऑर्डरमागे एकदाच: डिझाइन बदल २,०००, लॉट १,५००, ऑर्डर १,०००. मिळून ४,५००.

जुना दर किलोला ४२०, म्हणजे नगाला १६८. नगामागे ३६.८० सुटतात, त्यातून ४,५०० भरून निघायला १२३ टॉवेल लागतात. त्याखालची अशी प्रत्येक ऑर्डर घरचं घालून विणलेली.

चिठ्ठीवर दोन ओळी वेगळ्या लिहा. एकीत नगाचा दर, दुसरीत मांडणीचा खर्च, एकरकमी. ते ४,५०० नगाच्या दरात लपवू नका. २५ टॉवेलांना नग ३११ सांगितला तर गिऱ्हाइकाला लूट वाटते आणि ते वाटणं साहजिक आहे. दोन ओळी दिसल्या की त्याला कळतं, पैसा कशाला लागतो. त्या कारखान्यात मी बसलो असताना एका पतसंस्थेचे गृहस्थ आले होते. सत्काराला २५ टॉवेल हवे होते. मालकांनी चिठ्ठी पुढे सरकवली आणि त्यांना शेडमध्ये नेऊन अण्णा काय करतात ते दाखवलं. गृहस्थ थोडा वेळ मागाजवळ उभे राहिले, परत आले आणि चिठ्ठीवरच्या दुसऱ्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, “हे नगावर वाढत नाही ना? मग नुसतं संस्थेचं नाव घाला, व्यक्तीचं नको. वर्षभर सत्कार चालूच असतात. अडीचशे करा.”

४,५०० भागिले अडीचशे, की नगामागे १८ रुपये.